गोडाऊन नंबर चार

बाळगोंडा मगदुमांनी पत्रा पाठवला, आठ बाय तीन,
सोबत निरोप: वर कन्नड, मोठं. मधे इंग्रजी.
मराठी, जागा उरली तर.
उरते. मी उरवतो.
चाळीस वर्षं निपाणीत अक्षरं रंगवून
एवढं तरी हाताला कळतं
की कुठल्या मात्रेला पोट आत घ्यायला लावायचं.

शब्द एकच होता तिन्ही ओळींत.
मला वाटायचं, साहेबाचा.
गो म्हणजे जा, डाऊन म्हणजे खाली.
नंबर चारला सात पायऱ्या उतराव्या लागतातच की.
लगमव्वा रोज उतरते तोंडाला पदर बांधून,
खकाणा नाकात जाऊ नये म्हणून,
तरी शिंकते.
कुणी गोरा वरून ओरडला असेल,
आणि आमच्या बाया उतरल्या असतील.
शब्द असेच होत असतील,
हुकूम आणि पायऱ्या.

त्या दिवशी सेलमची लॉरी लागली होती.
ड्रायव्हर सेल्वम स्टेपनीवर बसून बघत होता.
तीनपैकी एकही ओळ त्याची नव्हती.
काय लिहितोस, हे त्यानं हातानंच विचारलं.
गोडाऊन, म्हटलं.
तो हसला, छातीवर थाप मारली: किडंगु!
मग हळू, लहान पोराला सांगावं तसं: कि-डं-गु.
मग पत्र्याकडं बोट. परत छाती.
मगदूम बाहेर आले, "यार्दंत री?"
त्याचं म्हणतोय, मी म्हटलं.
"घ्या! आपण दोघं भांडतोय ते काय कमी होतं?"

माझी तहसीन चिकोडीच्या कॉलेजात शिकवते.
तिनं कागदावर उतरवून आणलं:
तमिळ किडंगु, तेलुगू गिडंगि,
गलबतात बसून मलायाला गेला, तिथं गुदांग,
पोर्तुगीजांनी उचलला आणि आपल्याकडं गुदाम करून टाकला.
इंग्रजाच्या कानाला मात्र त्यात
'जा' ऐकू आलं आणि 'खाली' ऐकू आलं.
"पण अब्बा, नक्की नाही हं.
एक कोश असं म्हणतो, दुसरा बहुधा लावतो."

बहुधा.
हा शब्द मी आजवर एकाही बोर्डावर लिहिला नाही.
कुणी ऑर्डरच दिली नाही.

आणि मुळात अर्थ काय गं?
"पडून असणं. जिथं काही पडून राहतं ती जागा."

दुसऱ्या दिवशी खिळ्यांची मापं घ्यायला खाली गेलो.
बोदांच्या थप्पीमागं माझेच बोर्ड होते,
नियम बदलला त्या साली उतरवलेले.
हवालदार टेलर्स. कुडची बंधू, बियाणे व खते.
एक नुसताच '...लय', पुढचा पत्रा कापून कुणी छपराला लावलेला.
पंचविशीतला माझा हात, र चा काटा फार लांब सोडायचो.
पडून होते.
दिल्लीत एक कागद असाच पडून आहे म्हणतात, आमच्या सगळ्यांचा.
त्याची खोली कसली, पायऱ्या किती, मला माहीत नाही.

नवा बोर्ड वाळला. ब्रशात काळा थोडा उरला होता.
पत्रा उलटा केला आणि भिंतीला लागणाऱ्या बाजूवर
लिहिलं: किडंगु.
तमिळ अक्षरं येत नाहीत, आपल्याच अक्षरांत.
शेजारी, बारीक, बहुधा.
मग ठोकला. बारा खिळे.

लगमव्वा पाटी घेऊन आली. तिला वाचता येत नाही,
ना वरचं, ना खालचं, ना मागचं.
गोडाऊन असं ती कधी म्हणतही नाही.
कुठं चाललीस विचारलं तर तेच सांगते,
चाळीस वर्षं तेच,
"केळग होगतेन्री."
खाली जाते.
साहेबाचा चुकलेला कान तिच्यापुरता बरोबरच होता.

चौथ्या पायरीवर शिंक.